एकाच हातात चुडा

पनवेलच्या बाजारात माझा दातांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर होता आणि खाली बांगड्यांचं दुकान. त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुली बांगड्या भरायला म्हणून घरून निघालेल्या असत. जिन्यात औषधांचा वास आला की त्यांना कळायचं, आणि मग जो आकांत व्हायचा! मला त्या आयांचा भयंकर राग यायचा. एरवी पोरगी जेवली नाही की "थांब, सुई टोचायला नेते" म्हणून माझ्या नावाने घाबरवायचं, आणि खरंच आणायची वेळ आली की थाप मारायची.

ओवे गावातून आलेल्या त्या मुलीच्या आईने तर कमाल केली होती. सहा-सात वर्षांची पोर. एका हातात हिरवा चुडा, दुसरा हात मोकळा. "दुसऱ्या हातातल्या वरच्या मजल्यावर भरायच्यात," असं सांगून तिला जिना चढवून आणलं होतं. संध्याकाळी घरात काकाची हळद होती. पोरीचा गाल मात्र इतका सुजला होता की डोळा अर्धा मिटलेला. दुधाची दाढ किडून खाली पू धरला होता. ती आजच निघाली नाही तर सूज आणखी वर चढणार आणि पोरीला मांडवातून उचलून मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यावं लागणार, हे मला दिसत होतं.

"काय नाय करनार गं, निस्तं बघनार हायत," आई म्हणाली. पोरीने ओठ घट्ट मिटून घेतले. मीही मिटले असते.

बाप मोबाइल कानाला लावून दारात येरझाऱ्या घालत होता. मंडपवाल्याचे फोनवर फोन येत होते. "मॅडम, मी हातपाय धरतो, तुमी काढून टाका. टाइम नाय." क्षणभर मलाही तेच सोपं वाटलं. बाहेरचा बाक पेशंटनी भरला होता. पण धरून दाढ काढलेलं मूल पुढे मोठं झालं तरी दवाखान्याची पायरी चढत नाही. मी बापाला खाली पाठवलं. आई दाराचा पडदा मुठीत धरून तिथेच उभी राहिली.

"मुंगी चावल्यासारखं वाटेल, असं सांगा," हे मला कॉलेजात शिकवलं होतं. मुंगी कशी चावते ते इथल्या पोरांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. "इथे बांगड्या नाहीत. सुई आहे, ती टोचेल. मग दाढ काढायची. दुखलं की हा चुड्याचा हात हलव. मी तुझ्या तोंडात बघत असेन, पण मला आवाज ऐकू येईल. मी थांबेन." आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिचं घर फोडलं.

पोरीने तोंड उघडलं. मी आरसा उचलला, चुडा वाजला. थांबले. पुन्हा उचलला, पुन्हा वाजला. पुन्हा थांबले.

"अवं, कशाला थांबता? नाटका करतेय ती!"

स्टुलाखाली माझा पाय नुसता हलत होता. शेवटी सुई दिली. ती किंचाळली, पण हात मांडीवरच राहिला. सुजेत भूल नीट चढत नाही, म्हणून मी जास्त वेळ वाट पाहिली. मग पकड लावली. दाढ हलली, अर्धी वर आली आणि चुडा खळखळला.

आणखी एक हिसका दिला असता तर संपलं असतं. "वढा!" आई ओरडली. माझी मनगटं तेच म्हणत होती. मी पकड बाहेर काढली.

पोरगी रक्ताळलेल्या तोंडाने माझ्याकडे बघत राहिली. मग स्वतःहून हात खाली ठेवला आणि पुन्हा आ केला. दाढ निघाली, पू वाहून गेला. मला इतकं हायसं वाटलं की मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत बसले.

आई अजून पडद्यापाशीच होती. "दाढ काढताना मला बापान नि काकान खाटेवर धरलेली," ती एकदम म्हणाली. "तवापासून एकाच बाजूनं जेवतंय मी." माझ्या मनात तिच्याविषयी जे काही साठलं होतं ते सगळं उतरलं. आपण भोगलेलं पोरीला सांगायचं तरी कसं, म्हणून ती थापा मारत आली होती.

पोरीने खुर्चीतून उतरून, दातांत कापूस धरूनच तिचा पदर ओढला. "आये, तू बस. चुडा वाजला का त्या थांबतान. खरंच थांबतान."

खालून बाप हाका मारत होता. आई खुर्चीत बसली. मी आरसा नुसता हातात घेतला, तोच तिचे दोन्ही हात वर गेले, हळदीसाठी भरलेल्या नव्या बांगड्यांसकट. मी थांबले.