पुढील आदेश होईपर्यंत

हॅझलशॉच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या क्लबात विल्फ एन्टविसलला भाषण करताना कोणी कधी ऐकलं नव्हतं. क्लबामागची बोलिंगची, म्हणजे गवतावर गोळे घरंगळवायच्या खेळाची, हिरवळ तो सांभाळायचा. एकतीस वर्षं त्याने ती कापली, विंचरली, रोलर फिरवून दाबली, आणि ओली असताना कुणाला तिच्यावर पाऊल टाकू दिलं नाही. लँकेशरच्या त्या भागात ती बहुतेक ओलीच असते, त्यामुळे विल्फचं आयुष्य बरंचसं लोकांना हटकण्यात गेलं.

हिरवळीच्या चर्चकडच्या कोपऱ्यात जमीन थोडी दबलेली होती. तिथे पोचलेला गोळा ऐनवेळी विचार बदलायचा. दक्षिणेकडच्या एका पाहुण्याने एकदा विचारलं, हा खळगा कोणाच्या डोक्यातून निघाला? "कोणाच्याच नाही," विल्फ म्हणाला, "म्हणून तर टिकलाय." राजकीय तत्त्वज्ञानावर त्याने केलेलं हे एकमेव विधान. विद्यापीठांत एवढ्याच गोष्टीला तीन खंड लागतात.

१९८६च्या वसंतात क्लबाचा नवा अध्यक्ष डेन्हम पिकप याने ठराव मांडला, की हिरवळ उखडून तिथे गाड्या लावायला जागा करावी. पिकपचं स्वयंपाकघराच्या फर्निचरचं दुकान होतं. क्लबाच्या भिंतीवरचा पंतप्रधान बाईंचा फोटोही त्यानेच फ्रेम करून आणला होता.

"विल्फ, मनाला लावून घेऊ नकोस," पिकप म्हणाला. "लोकांना काय हवंय ते दिसतंच की. संध्याकाळी तुझ्या गवतावर अकरा म्हातारे असतात, आणि बाहेर रस्त्यावर चाळीस गाड्या."

"गाड्यांना मत आहे का आता?"

"बाजाराला आहे."

"मग गवत कापायलाही बाजारालाच बोलाव, डेन्हम. मी जातो घरी."

कोपऱ्यात मेजर ऑर्मरॉड बसले होते. ही जमीन क्लबाला त्यांच्या आजोबांनी दिलेली. "आजोबांनी ती गिरणीतल्या माणसांसाठी दिली," ते म्हणाले. "ज्याच्याकडे आहे त्याचं काही कर्तव्य असतं, पिकप."

"गिरणी बंद होऊन अकरा वर्षं झाली, मेजर."

"कर्तव्य बंद झाल्याचं मला कोणी कळवलं नाही."

एकाचा विश्वास बाजारावर, दुसऱ्याचा कर्तव्यावर, आणि तिसऱ्याचा जे आहे त्यावर. तिघेही स्वतःलाच खरा कॉन्झर्व्हेटिव्ह समजत होते, आणि अडचण अशी की तिघांचंही बरोबर होतं.

मतदान गुरुवारी व्हायचं होतं. सोमवारी विल्फ घरी आला आणि ताटातल्या मटणाच्या रश्शाकडे नुसता बघत बसला.

"किती मतं आहेत?" त्याच्या बायकोने, म्यूरिएलने विचारलं.

"आपली चोवीस. त्याची तीस."

"आणि बायकांना मत असतं तर?"

"नाहीये. नसावंही." हा विषय क्लबात दर चार-पाच वर्षांनी निघायचा आणि दर वेळी विल्फचा हात विरोधात वर जायचा. कारण एकच, की तसं आजवर नव्हतं.

"वर भिंतीवरून बाई देश चालवते, आणि खाली आम्ही सँडविच कापतो," म्यूरिएल म्हणाली.

"तो फोटो आहे. फोटोलाही मत नाही."

म्यूरिएलने ब्रेडचा तुकडा त्याच्या ताटाशी सरकवला. "सतरा सालचं इतिवृत्त वाचलंयस कधी? पहिल्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले तेव्हाचं. सभासदांच्या पत्नी आणि विधवा यांना सभासदत्वाचे सर्व हक्क, पुढील आदेश होईपर्यंत."

"मग पुढचा आदेश?"

"झालाच नाही. कपाट साफ करताना मी सगळ्या वह्या पालथ्या घातल्या. पुरुष परत आले, बायका स्वयंपाकघरात गेल्या. ठराव राहिला तिथल्या तिथे."

विल्फने ताटावरून नजर उचलली. "कपाट कधी साफ केलंस?"

"बासष्टला."

"चोवीस वर्षं बोलली नाहीस?"

"मत द्यावं असं काही निघालंच नाही. तुम्ही दर वर्षी बिअरच्या भावावर भांडता."

"म्हणजे," विल्फ सावकाश म्हणाला, "हा बदल नव्हे."

"नव्हे."

"जुनाच नियम आहे."

"तुझ्यापेक्षा जुना."

मग विल्फ जेवला, आणि रस्सा दुसऱ्यांदा वाढून घेतला.

गुरुवारी त्याने उभं राहून वहीतला ठराव वाचून दाखवला. भाषण म्हणावं असं ते नव्हतं. पिकप म्हणाला, सदुसष्ट वर्षं जे कोणी पाळलं नाही, त्याला नियम कसं म्हणायचं?

"आपण विसरलो म्हणून तो रद्द होत नाही, डेन्हम. रद्द करायला ठराव लागतो. आण पुढच्या वर्षी."

मेजरांनी चष्मा लावून वही पाहिली. "ही माझ्या आजीची सही," ते म्हणाले, आणि त्यावर पुढे कोणाला वाद घालवेना.

स्वयंपाकघरातून एकोणीस बायका ॲप्रन सोडत बाहेर आल्या. सगळ्या काही विल्फच्या बाजूने नव्हत्या. हिल्डा शटलवर्थने गाड्यांना मत दिलं. नवऱ्याच्या गुडघ्यांना बाजारात गाडी लावून यायचा चढ सोसत नाही, असं तिने तोंडावर सांगितलं. विल्फला ते पटलं नाही, पण कारण प्रामाणिक वाटलं. आणखी एकीने तिचं अनुकरण केलं. उरलेल्या सतरा हिरवळीकडे वळल्या. एक्केचाळीस विरुद्ध बत्तीस.

पिकप वाईट माणूस नव्हता. त्याने सगळ्यांना बिअर पाजली आणि म्हणाला, "आज बाजार हरला."

"हरला कुठे?" म्यूरिएल म्हणाली. "गिऱ्हाईक वाढलं तुझं."

गिऱ्हाइकाने महिन्याभरातच आपली पहिली मागणी मांडली: मंगळवारी दुपारी हिरवळ बायकांना खेळायला मिळावी. विल्फने विरोधात हात वर केला. का, असं मेजरांनी विचारल्यावर तो म्हणाला, "कोणीतरी केला पाहिजे." ठराव भरघोस मतांनी मंजूर झाला. घरी जाताना म्यूरिएलने त्याच्या हातात हात घातला आणि त्याने तो काढला नाही.

मंगळवारी विल्फ नेहमीपेक्षा अर्धा तास आधी आला. त्याने सगळी हिरवळ दोनदा कापली, सपाट टाचांचेच बूट घालावेत अशी एक पाटी लिहून फाटकाला लावली, आणि बाकावर बसून बायकांची वाट पाहू लागला.