सुतकाच्या आडोशाने

धारूरच्या घाटात, करोडगिरीच्या नाक्यावर जकात घेणाऱ्या शिपायाचे डोके फुटले तेव्हा पाहणारा मी एकटाच होतो. मेंढा अडकवून ठेवला म्हणून माझ्या लहानपणच्या सोबत्याने, एका धनगराने, शिपायाला दिसू न देता मागून तो दगड मारला होता. निजामाच्या पोलिसांचे अमीनसाहेब जबाब घ्यायला गावात आले. खरे सांगावे तर सोबती तुरुंगात जाणार. खोटे सांगावे तर आमच्याकडे शपथेसाठी साक्षीदाराच्या हाती खंडोबाचा भंडारा देत, आणि तो हाती घेऊन खोटे बोलण्याची माझी छाती नव्हती. सरकारच्या माणसाला ‘सांगत नाही’ असे म्हणता येते, हे तर माझ्या मनातही आले नव्हते.

त्याच सुमारास भावकीतले एक वृद्ध वारले. सुतकात भंडाऱ्याला शिवता येत नाही. मी तसे सांगताच अमीनसाहेब हसले, “ठीक है, सुतक फिटू दे. पळून कुठं जातोस, मियाँ?”

सुतक फिटण्याच्या आदल्या दुपारी माझ्या मनाने जे केले, ते लिहिताना आजही लेखणी अडते. मला वाढवणारी चुलती तापाने अंथरुणाला खिळली होती. मी तिच्या उशाशी बसून तिचा श्वास ऐकत होतो, आणि तो थांबण्याची वाट पाहत होतो. ती गेली असती तर नवे सुतक लागले असते.

तिने डोळे उघडले. “कावून असा बघतुयास? माज्या मरणाची वाट बघतूस व्हय रं?”

मी रडत सगळे सांगितले.

“लई शहाणा हायेस. एकाला वाचवाया दुसरीला मारतूस. तोंड हाय न्हवं तुला? सांगत न्हाई म्हण. भंडारा उचलूच नगंस.”

“मारतील, काकी.”

“मारू दे. माज्या मरणापरीस बरं हाय की ते.”

दुसऱ्या दिवशी चावडीवर भंडाऱ्याचे ताट पुढे आले. मी हात पाठीशी धरले. “मी जबाब देणार नाही.” छडी बसू लागली. “देखा नहीं, असं तरी म्हण बे!” अमीनसाहेब ओरडले. मी तेही म्हटले नाही.

दुसरा साक्षीदार नव्हता, सोबती सुटला. गाव मला खंबीर म्हणू लागले. चुलती तापातून उठली आणि पुढे पुष्कळ जगली. त्या दुपारची गोष्ट तिने कोणालाही कळू दिली नाही. फक्त भाकरी वाढताना माझा हात ताटाशी थबकला की म्हणे, “खा रं, जित्ती हाय मी अजून.” ती हसे, आणि मी तिच्याकडे न बघता भाकरी मोडत असे.