नाकतोड्यानं जोडलेलं नाक

लांबसडक तंगड्या आणि या परांचीवरून त्या परांचीवर उड्या, म्हणून त्या गवंड्याला आम्ही नाकतोडा म्हणायचो. काम मात्र नेमकं उलटं. तो नाकं जोडायचा. श्रीमंतांच्या त्या वस्तीत व्हिक्टोरिया राणीच्या काळातली घरं आहेत: टोकदार छपरं, रंगीत काचा, आणि दर दारावर गिलाव्यात घडवलेला बाईचा चेहरा. झडतं ते आधी नाक. माणसांचंही तसंच म्हणा!

नाकतोड्याच्या बायकोचं नाक लहानपणी झोक्यावरून पडून डावीकडे वाकलं होतं. लग्नात पाहुण्यांनी नाकं मुरडली, तेव्हा हा म्हणाला होता, "असू दे, मी सरळ करीन." केलं नाही कधी.

ती कोपऱ्यावरच्या घरात स्वयंपाकाला होती. त्याच घराच्या दारावरचं काम याला मिळालं. जुनं नाक कसं होतं ते कुणालाच आठवेना. मग हात सवयीनं वळला तसा वळला.

परांचीवरचं कापड उतरलं आणि खालची माणसं एकमेकांना कोपरानं ढोसू लागली. मी समोरच बुटाची नाडी बांधत होतो. पायात चपला होत्या, पण तमाशा चुकवायचा कसा?

मालकीणबाईंनी वर पाहिलं, मग दाराशी झारा घेऊन उभ्या असलेल्या नाकतोड्याच्या बायकोकडे.

"माझ्या दारावर माझी स्वयंपाकीण?"

"चुकून झालं, बाईसाहेब..." नाकतोडा म्हणाला.

"संध्याकाळी पाहुणे येतील. आत्ताच्या आत्ता फोड. नाहीतर हिनं उद्यापासून यायचं नाही."

नाकतोडा वर चढला. छिन्नी टेकवली. हातोडी उचलली, ती तशीच राहिली. बाईंची चप्पल पायरीवर टकटक वाजत होती.

"अहो, मारा की!" बायको खालून ओरडली. "अस्सल घरीच आहे!"

कुणीतरी फिसकन हसलं. तो हसला नाही.

"इतकं हुबेहूब पुन्हा नाही जमायचं गं."

"वरचं नाक आपली चूल पेटवणार आहे का? मारा म्हणते ना!"

तिनं झारा चौकटीवर खणकन आपटला.

त्यानं डोळे मिटले. हातोडी पडली, आणि खाली तिनं झटकन स्वतःचं नाक धरलं.