खळ्यातली खुंटी

मागे फोनवर तुम्ही दोघांनी मला विचारलं होतं, आजी, तुझ्या शहराचा कारभार कोण बघतं? तुम्हाला शाळेत काहीतरी लिहून न्यायचं होतं. मी कुकर लावत होते, म्हणून 'आयुक्त' असं एका शब्दात उत्तर दिलं. ते चुकीचं नव्हतं, पण अपुरं होतं. शाळेचं काम तुम्ही केव्हाच देऊन टाकलं असेल. तरी उत्तर पूर्ण करून ठेवते.

तळवलीतलं माझं घर भाड्याचं आहे हे तुम्हाला माहीत आहे. वर मी, खाली घरमालकीण, तिचा नवरा आणि तिची सासू. ही मूळ गावातली माणसं. त्यांच्या शेतांवर आता कारखाने आणि सोसायट्या आहेत, आणि उरलेल्या जागेवर त्यांनी बांधलेल्या इमारतीत माझ्यासारखे भाडेकरू. गावाच्या खाडीकडच्या टोकाला भात झोडायचं जुनं खळं आहे. भात गेलं, खळं राहिलं. तिथे सासूबाई आणि गावातल्या आणखी काही म्हाताऱ्या पावसाळा सोडून जवळा आणि बोंबील वाळवतात आणि विकतात. सासूबाई स्टुलावर बसून काठीने कावळे हाकतात. त्यांची सत्ता तेवढ्याच जागेवर आहे, पण तिथे दुसऱ्या कोणाचं चालत नाही.

महापालिकेच्या निवडणुकीआधी वॉर्डांच्या आरक्षणाची सोडत निघाली आणि आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. घरमालकिणीचा नवरा बरीच वर्षं उभं राहायच्या तयारीत होता. दर सणाला चौकात त्याचा फलक लागायचा. सोडतीनंतर फलकावरचा फोटो बदलला. खालचा फोन नंबर तोच राहिला. घरमालकीण निवडून आली.

मी नोकरीभर एका कंपनीत संचालकांच्या बैठकांची मिनिटं, म्हणजे इतिवृत्तं, इंग्रजीतून लिहिली. त्यामुळे खालच्या घरात असं ठरलं, की वरच्या मावशींना, म्हणजे मला, सभेतलं कळतं. पहिल्या सभेच्या चार दिवस आधी घरमालकीण विषयपत्रिका घेऊन वर आली. सभेत जे जे विषय मांडले जाणार त्यांची ती यादी असते. ती तिने माझ्या टेबलावर ठेवली आणि लांब सरकवली.

"मावशी, मना हे वाचाचा नाय. मना एकच शब्द बोलाचा हाय."

"कुठला?"

"आमचे साहेब उठून विषय मांडतील. मंग मागं वलून मनाकडं बगतील. मंग मी बोलाचा, अनुमोदन."

साहेब म्हणजे त्यांच्या पक्षाचे सभागृहातले नेते. मी तिला समजावलं, की विषय एकाने मांडायचा असतो आणि दुसऱ्याने त्याला अनुमोदन द्यायचं असतं. हेतू असा, की निदान दोन माणसांना तरी ती गोष्ट हवी असावी.

"म्हंजे मी बोलले म्हणून ते होतं?"

"तुझ्या एकटीमुळे नाही होत. पण दुसरं कोणी बोललं नाही तर अडतं."

तिला हे आवडलं. अडचण एकच होती, तिचा आवाज घशातच राहायचा. माझी जबाबदारी मी अशी समजले, की आवाज नगरसचिवांच्या टेबलापर्यंत पोचला पाहिजे, कारण सभेचं इतिवृत्त तेच लिहितात. मी तिला स्वयंपाकघरात उभं केलं आणि स्वतः गच्चीत वाळत घातलेल्या चादरींच्या पलीकडे गेले. तिने "अनुमोदन!" म्हणायचं आणि मी ऐकू आलं तर हात वर करायचा. दुसऱ्या दिवशी खालून सासूबाईंनी विचारलं, "काय गो, कोनाला हाका मारतंय सकालधरनं?"

"सभेची तयारी, आई!"

"का? सभेत समदे बहिरे हायत?"

त्या सभेला मी प्रेक्षकांच्या गॅलरीत जाऊन बसले. तिथे माझ्याशिवाय एक वार्ताहर होता आणि तो झोपला होता. विषय क्रमांक एक नेहमी मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करण्याचा असतो. महापौरांनी विचारलं, "कायम?" खालून दोघे-तिघे म्हणाले, "कायम." मिनिटं अचूक लिहिण्यात माझं सगळं आयुष्य गेलं, त्यामुळे हे माझ्या मनाला लागलं. नंतर एका चौकाला कोणाच्या वडिलांचं नाव द्यायचं यावर जेवणाच्या सुट्टीपर्यंत चर्चा झाली. दोन्ही वडील चांगले होते असं दिसलं. जेवणानंतर एक उड्डाणपूल मंजूर झाला. तेवढ्यात मी चष्मा पुसला.

साहेब मागे वळत होते आणि घरमालकीण स्वच्छ, खणखणीत आवाजात अनुमोदन देत होती. वार्ताहर दोनदा जागा झाला. सभा संपल्यावर साहेबांनी तिच्या नवऱ्याला सांगितलं, "वहिनींचा आवाज चांगला आहे." नवऱ्याने घरी आल्यावर मला सांगितलं. मला बरं वाटलं.

असं काही महिने चाललं. विषयपत्रिका आली, की ती आदल्या संध्याकाळी माझ्याकडे यायची. मी पेन्सिल घेऊन वाचायची आणि शुद्धलेखन ठीक असलेल्या विषयांपुढे बरोबरची खूण करायची. त्यातला एक विषय असा होता: अमुक सर्व्हे क्रमांकाच्या मोकळ्या भूखंडावर बहुमजली वाहनतळ उभारणे. परिच्छेद छोटा होता, एकही चूक नव्हती. मी खूण केली. दुसऱ्या दिवशी तिने अनुमोदन दिलं. मी गॅलरीतून ऐकलं. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं.

खळ्याला गावात सगळे खळंच म्हणतात. त्याला सर्व्हे क्रमांक आहे हे कोणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

पुढच्या आठवड्यात दोन तरुण मोजणीला आले. त्यांनी चुन्याची रेघ मारली आणि नेमकी वाळत टाकलेल्या जवळ्याच्या मधोमध लोखंडी खुंटी ठोकली. मी तेव्हा बोंबील घ्यायला तिथेच गेले होते, म्हणून पुढचं सगळं माझ्या देखत झालं.

"कोन रं तू?" सासूबाई काठी घेऊन उठल्या. "जवल्यावं पाय दिलास तं पाय ठेवनार नाय."

"आजी, पार्किंग होणार आहे इथं. सभेत ठराव झालाय."

"कोनी केला?"

मुलगा सभ्य होता. त्याने फाइल काढली आणि वाचून दाखवलं. सूचक म्हणून साहेबांचं नाव होतं. अनुमोदक म्हणून जे नाव त्याने वाचलं ते ऐकून बाकीच्या म्हाताऱ्या सासूबाईंकडे बघायला लागल्या. सासूबाईंनी काठी स्टुलाला टेकवली आणि जवळा गोळा करायला लागल्या.

बोलल्या त्या घरी आल्यावर. "सुनेनं सासूचा खला दिला पालिकेला. आता मना पन तिथंच उबी करा. गाड्या बगंन."

त्यानंतर त्यांनी सुनेशी बोलणं बंद केलं. एका घरात राहून हे अवघड असतं, म्हणून मधला माणूस मी झाले. त्या जिन्यात येऊन म्हणायच्या, "मावशी, तुमचे नगरसेवकेला सांगा, भात झालाय." नगरसेविका त्यांच्या मागेच उभी असायची. मी सांगायची, "भात झालाय." ती म्हणायची, "आले म्हनावं."

नवऱ्याचं मत होतं, की ठराव झाला तो झाला, आता वाहनतळाचं कंत्राट कोणाला मिळतं ते बघू. घरमालकीण वर आली आणि माझ्या टेबलाशी बसली.

"मावशी, त्यांनी माझा नाव चुकून लिवला असा बोलू?"

"नाही. तू बोललीस. मी ऐकलंय."

"मंग ते खोडाचा कसा?"

मी सगळ्या सभांची इतिवृत्तं तारखेप्रमाणे फायलीत लावून ठेवली होती. ती काढली. वाचायला बसलो तेव्हा तिने प्रथमच पानं स्वतः उलटली. उद्यानं, क्रीडांगणं, चौकांची नावं यांच्याखाली अनुमोदक म्हणून निरनिराळी नावं होती. डास निर्मूलनाच्या कंत्राटाची मुदतवाढ, फेरीवाल्यांचे ओटे हलवणं, एका स्मशानभूमीचा रस्ता अरुंद करणं, यांच्याखाली तिचं एकटीचं. ती एकेका विषयाखाली बोट ठेवत गेली.

"हे समदा माझे तोंडून?"

मी हो म्हटलं. विषयपत्रिकेत या विषयांपुढे माझ्या पेन्सिलीच्या खुणा होत्या हेही सांगितलं.

मी तिला सभेच्या कामकाजाचा नियम वाचून दाखवला. पुढच्या सभेत विषय क्रमांक एकला तिने उठायचं. इतिवृत्त खोटं आहे असं म्हणायचं नाही. ते बरोबर आहे, पण खळ्याचा ठराव पुन्हा विचारात घ्यावा अशी सूचना मांडायची. मात्र या वेळी सूचक ती असणार, म्हणून अनुमोदक दुसरा कोणीतरी लागणार.

"कोन देल?"

ते मलाही माहीत नव्हतं. वाहनतळ दोन्ही बाजूंना हवा होता, त्यामुळे विरोधकही मदतीला येण्यासारखे नव्हते.

सभेच्या दिवशी मी गॅलरीत गेले तर तिथे जागा नव्हती. खळ्यावरच्या म्हाताऱ्या आल्या होत्या. सासूबाई पहिल्या रांगेत होत्या, काठी बाहेर ठेवून घेतली होती म्हणून नाराज. त्यांनी सरकून मला जागा दिली आणि सांगितलं, "मी तिचेसाठी नाय आले. जवल्यासाठी आले."

महापौरांनी विचारलं, "कायम?"

"कायम," दोघे-तिघे म्हणाले, आणि घरमालकीण उभी राहिली. साहेब मागे वळले. त्यांना वाटलं, विषय क्रमांक दोनची घाई झाली आहे. तिने सांगितलं, की इतिवृत्तात जे लिहिलंय ते ती बोलली होती. कशाला बोलतेय ते तिला कळलं नव्हतं, ती तिची चूक. तो सर्व्हे क्रमांक म्हणजे तिच्या गावचं खळं आहे, तिथे तिची सासू जवळा वाळवते, आणि ठराव पुन्हा विचारात घ्यावा अशी तिची सूचना आहे.

नगरसचिवांनी लेखणी थांबवून विचारलं, "अनुमोदक?"

 मग सवयीने सगळ्यांनी माना वळवल्या आणि अनुमोदन देणाऱ्या बाईकडे पाहिलं. ती उभीच होती.

"स्वतःला नाही देता येत," महापौर म्हणाल्या. "सूचना पडली. विषय क्रमांक दोन."

ती खाली बसली.  मला वाटलं, झालं एवढंच.

विषय क्रमांक दोन कचरा वर्गीकरण केंद्राचा होता. साहेबांनी उठून मांडला आणि मागे वळले. घरमालकीण हातातल्या बांगड्या मोजत होती. साहेब खाकरले. तिने बांगड्या पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या.

"अनुमोदक?" नगरसचिवांनी विचारलं.

मागच्या बाकावरून कोणीतरी काहीतरी पुटपुटलं. नगरसचिव म्हणाले, "कोण? नाव लिहायचंय." मग कोणीच बोललं नसल्याचं निष्पन्न झालं. ते केंद्र कोणाच्या ना कोणाच्या वॉर्डाला लागून होणार होतं, आणि त्याखाली आपलं नाव यावं असं कोणाला वाटत नव्हतं. विषय मागे ठेवला. तीन नंबरला फेरीवाले होते. साहेब मांडायला उठले, मागे बघून पुन्हा बसले. चार नंबरला भटके कुत्रे होते. तेव्हा महापौरांनी चहासाठी वेळ दिला. चहाची वेळ अजून झाली नव्हती.

खाली साहेब आधी दाराशी उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याशी बोलले. नवऱ्याने तिच्याकडे बोट दाखवलं. साहेबांना हे नवीन होतं. मग ते तिच्याकडे आले आणि बराच वेळ बोलत राहिले. ती मान हलवत नव्हती. मला ऐकू येत नव्हतं, पण सासूबाई कठड्यावरून इतक्या वाकल्या होत्या, की मी त्यांचा पदर धरून बसले.

चहानंतर महापौर म्हणाल्या, की सभागृहाची हरकत नसेल तर विषय एक पुन्हा घेऊ. कोणाची हरकत नव्हती. घरमालकिणीने सूचना पुन्हा मांडली. साहेब उठले आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "अनुमोदन." आवाज लहान होता. नगरसचिवांना दोनदा विचारावं लागलं. जागेची पाहणी करून मग ठरवावं असं ठरलं.

मग कचऱ्याच्या विषयाला साहेब मागे वळले. ती उठून म्हणाली, "आदी मना सांगा, त्या जाग्याला तिथली लोकं काय बोलतात." कोणाला सांगता येईना. तो विषय पुढच्या सभेवर गेला.

पाहणीला सात-आठ जण आले. सासूबाईंनी सगळ्यांना चपला काढायला लावल्या. ऊन कडक होतं, जमीन तापलेली होती, त्यामुळे पाहणी लवकर झाली. वाहनतळासाठी दुसरी जागा शोधावी असा अहवाल गेला. तो मी वाचला, त्यात दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकले आहेत. मी काही म्हटलं नाही.

मोजणीवाले खुंटी काढायला आले नाहीत. ती कोणाच्या खात्याची हे बहुतेक ठरलेलं नसावं. परवा मी बोंबील घ्यायला गेले तर सासूबाई तिला दोरी बांधत होत्या. बोंबील टांगायला खुंटी चांगली, हलत नाही. घरमालकीण सभेहून परस्पर तिथे आली होती, हातात फाइल घेऊन बाजूला उभी होती. सासूबाईंनी गाठ ओढून बघितली आणि माझ्याकडे वळल्या. मी निरोप पोचवायला तयार झाले.

त्यांनी मला ओलांडून दोरीचं दुसरं टोक सुनेपुढे केलं.

"उबी का गो? धर. ताठ वढ."

तिने फाइल माझ्याकडे दिली आणि दोरी धरली.