नाबोर, हे पान माझं आहे

दोन्या ओतीलियाशी भांडायचं असेल तर पोटभर जेवून जावं, असं आमच्या गावात म्हणतात. ती माझी शेजारीण. नवरा उत्तरेला सीमेपार कामाला गेला तो गेलाच, मुलगी लग्न होऊन पाचूका नावाच्या शहरात नांदते, आणि ही बाई या कोरड्याठाक माळावर घायपात लावत राहिली. झाडाच्या बुंध्याशी फुटलेली पिल्लं उपटली की आधी सावलीत सुकवायची, मगच लावायची. "ओलं लावशील तर कुजेल. आधी तहानेची सवय होऊ दे त्याला," असं मलाही दटावायची.

घायपात भरात यायला दहा-बारा वर्षं जातात. मग गाभा कोरून सकाळ-संध्याकाळ गोड रस काढायचा आणि त्याची पुल्के नावाची दारू आंबवायची. यंदा तिची रस्त्याकडची ओळ भरात आली होती. पुढच्या वर्षी तिची चूल त्याच ओळीवर पेटणार होती.

नेमकी तीच ओळ कोणीतरी सोलायला लागलं. पानावरचा पातळ पापुद्रा काढून त्यात मटण बांधायचं आणि वाफवायचं. रविवारच्या बाजारात त्या पुरचुंड्यांवर उड्या पडतात. सोललेलं पान मात्र वाळतं, आणि अशी पानं वाळत गेली की झाड रस धरत नाही. चोर कोण ते गावाला ठाऊक होतं. बाजारात सगळ्यात चविष्ट पुरचुंड्या नाबोरच्या, आणि नाबोरच्या शेतात घायपाताचं एक झाड नाही. पण खाणारं तोंड बोलणार कसं? ती तक्रार घेऊन गेली तर गावप्रमुखाने उलट तिलाच शहाणपण शिकवलं. "बाई, तो तुझ्या पोरीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता. पापुद्र्यांवरून नातं तोडतेस?" माझं डोकंच फिरलं. ती तशीच घरी आली.

दुसऱ्या दिवशी तिने घायपाताचाच एक काटा मोडून घेतला आणि पानापानावर ओरखडे काढायला बसली. ओरखडलेला पापुद्रा फाटतो, त्यातून रस्सा गळतो, मग तो कोणाच्या कामाचा नाही.

"आणि नुसत्या रेघा कशाला? लिहिता येतं मला," ती म्हणाली.

पानापानावर तिने लिहिलं: 'नाबोर, हे पान माझं आहे.'

काही दिवसांत ओरखडे पांढुरके झाले आणि लांबून वाचता येऊ लागले. मेंढरंवाले थांबून मोठ्याने वाचत. मी तर मुद्दाम त्याच रस्त्याने पाण्याला जायचे.

शेवटी नाबोर आला, टोपी हातात धरून. धर्मपिता आणि पोरीची आई एकमेकांना कोंपाद्रे-कोमाद्रे म्हणतात, त्याच नात्याने त्याने हाक मारली.

"कोमाद्रे, लोक हसतायत मला. गिऱ्हाईक विचारतं, ही पुरचुंडी कोणाच्या पानाची. पुसून टाका ते."

"पुसलं जात नाही, कोंपाद्रे. पान आहे तोवर राहणार."

"मग पानं कापा."

"तुमच्या अब्रूसाठी माझी झाडं भादरू?"

नाबोरने टोपी छातीशी धरली. मग म्हणाला, "पुन्हा हात नाही लावणार. देवमातेची शपथ."

"बरं. रस संपला की ही झाडं मरतील, त्यांच्याबरोबर तुमचं नावही जाईल. तोवर कळ काढा."

त्याने सुस्कारा सोडला. तेवढ्यात त्याला मागच्या ओळीतली गुडघाभर पिल्लं दिसली. त्यांच्यावरही काहीतरी कोरलेलं होतं.

"यांना तर मी शिवलोसुद्धा नाही, कोमाद्रे."

"म्हणून 'ना' एवढं एकच अक्षर काढलंय," ओतीलिया म्हणाली. "पुढची दहा-बारा वर्षं बाकीची अक्षरं तुमच्यावर आहेत."