कवळीवाले गाडी बघायला जातात

कवळीवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देणारी एक लहानशी लॅब होती. तिच्या मागच्या खोलीत, खिडकीकडे तोंड करून, ते दिवसभर घासत, तासत, पॉलिश करत बसायचे. कितीतरी लोकांच्या तोंडात त्यांच्या हातचे दात होते, पण त्यांतल्या एकाचाही चेहरा त्यांनी पाहिलेला नव्हता. साचे यायचे, कवळ्या जायच्या. आई गेल्यापासून घरीही बोलायला कोणी नव्हतं. लॉन्ड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत ते एकटेच राहत. सुट्टीच्या दिवशी धाकट्या बहिणीचा फोन आला, की आपला आवाज घोगरा झालाय हे त्यांच्या लक्षात येई.

नाद एकच होता. जुन्या स्पोर्ट्स गाड्या. बुटक्या, कापडी छपराच्या, दोनच माणसं बसतील अशा. पैसे साठवलेले होते, मासिकं वाचून वाचून माहितीही झाली होती. घ्यायचं धाडस तेवढं होत नव्हतं. जाहिरात दिसली की बघायला जायचे, काहीतरी खोट काढायचे आणि हात हलवत परत यायचे.

"मुली बघायच्या वयात हेच केलंस, दादा," बहीण म्हणायची. "हिचं नाक बसकं, तिचा आवाज मोठा. आता गाड्यांचं चाललंय."

"गाडीला नाही म्हटलं तर ती रडत तरी नाही," ते म्हणायचे.

मग एका लाल गाडीची जाहिरात आली. फोन एका वयस्कर बाईंनी उचलला.

"गाडी माझ्या भावाची. तो गेला. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तुम्हीच येऊन बघा."

"एक विनंती आहे. मी येण्याआधी गाडी सुरू करून ठेवू नका. इंजिन गरम असलं की दुखणं लपतं."

"म्हणजे डॉक्टरकडे जाण्याआधी गोळी घ्यायची नाही, तसंच ना?" बाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

शनिवारी सकाळी ते जुने कपडे घालून, पिशवी घेऊन बसने तिथे गेले. बैठं घर, बाजूला पत्र्याचं गॅरेज. बाई दारातच उभ्या होत्या. टेलिफोनच्या ऑफिसात नंबर जोडून देण्याचं काम करून त्या निवृत्त झाल्या होत्या. दोघं भावंडं अविवाहित, एकाच घरात म्हातारी झालेली.

कव्हर काढलं आणि कवळीवाल्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग पिशवीतून रुमालात गुंडाळलेला लोहचुंबक काढला आणि गाडीच्या अंगावरून हळूहळू फिरवायला लागले.

"हे काय करताय?"

"खाली पत्रा आहे की पुट्टी, ते बघतोय. चुंबक पत्र्याला चिकटतो, पुट्टीवरून घसरतो. इथे बघा."

दाराखालच्या पट्टीवर चुंबक घसरला. बाईंनी तो हातात घेतला आणि स्वतः फिरवून पाहिला. मग त्या प्रत्येक गोष्ट विचारत राहिल्या आणि कवळीवाले सांगत राहिले. दाराच्या फटी सगळीकडे सारख्या हव्यात, नाहीतर गाडी कुठेतरी ठोकलेली असते. चासीवरचा नंबर कागदाशी जुळला पाहिजे. इंजिनाचं ऑइल काळं असलं तरी चालेल, दुधाळ नको, दुधाळ म्हणजे आत पाणी शिरलंय. दातांच्या डॉक्टरांकडचा दांडीचा छोटा आरसा त्यांनी गाडीच्या पोटाखाली धरला आणि टॉर्च मारला, तेव्हा बाई त्यांच्या शेजारी चक्क पालथ्या झाल्या.

"अहो, साडी!"

"धुता येते."

आरशात दिसलं ते बरं नव्हतं. ड्रायव्हरच्या सीटखालचा पत्रा गंजून जाळीदार झाला होता, आणि गंज चासीपर्यंत पोचला होता.

मग त्यांनी सीट पाहिल्या. ड्रायव्हरच्या सीटचं चामडं मऊ पडून मध्ये खोल खळगा झालेला. बाजूची सीट मात्र कोरी करकरीत, एक टाका उसवलेला नाही.

"इथे कोणी बसायचं नाही वाटतं?"

"मी बसले होते, एकदा. परत आल्यावर म्हणाला, तू फार बोलतेस." बाई कव्हराची घडी घालत होत्या. "दर रविवारी एकटाच जायचा. कुठे ते मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही."

गाडी तिसऱ्या प्रयत्नात सुरू झाली. सायलेन्सरमधून निळसर धूर आला, म्हणजे इंजिन ऑइल पीत होतं. "चालवून बघावी लागेल," कवळीवाले म्हणाले, आणि न विचारताच बाई बाजूच्या सीटवर जाऊन बसल्या.

ते बसले तर भावानं पाडलेल्या त्या खळग्यात त्यांचं अंग नेमकं मावलं. जणू मापच घेतलेलं. ते चटकन पुढे सरकून बसले.

शहराबाहेरच्या सरळ रस्त्यानं ते पुलापर्यंत गेले आणि वळले. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढत होती. दुसरा गिअर कुरकुरत होता. वारा बाईंचे केस उडवत होता आणि त्या समोर बघत, मांडीवर हात घट्ट धरून बसल्या होत्या. गॅरेजात येऊन इंजिन बंद झालं, तेव्हा त्या म्हणाल्या, "बघा, बोलले का मी एक शब्द तरी?"

कवळीवाल्यांनी उतरून त्यांच्या बाजूचं दार उघडलं. चहा झाला. त्यांनी सगळ्या खोटा सरळ सांगितल्या, दुसरं कोणी आलं तर काय लपवू नका आणि किमतीत कितीच्या खाली येऊ नका, तेही सांगितलं.

"तुम्हाला हवी असेल तर मी आणखी कमी करते."

"किमतीचं नाही हो," ते म्हणाले आणि पिशवी उचलली.

पुढच्या महिन्यात बाईंचा फोन आला. गाडी एका हॉटेलवाल्यानं नेली होती, दर्शनी भागात शोभेला ठेवायला. "तुम्ही सांगितलं तसंच सगळं सांगितलं त्याला. म्हणाला, चालवायचीय कोणाला!" मग थोडं थांबून, "अजून बघता का गाड्या?"

"बघतो."

"पुन्हा कुठे गेलात तर मला न्या बरोबर. टॉर्च धरीन."

"हो, हो. बघू," ते म्हणाले. फोन ठेवल्यावर स्वतःचाच राग आला. जाहिराती येत होत्या, पण बाईंना फोन करावा की नाही या विचारात हिवाळा गेला. शेवटी एका हिरव्या गाडीची जाहिरात घेऊन त्यांनी बाईंचा मोबाइल लावला, तेव्हा त्यांच्या चुलतभावाची मुलगी बोलली. आत्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आता ती आमच्याकडेच असते, परगावी. ती आत्ता झोपलीय. काही निरोप?

"नाही, काही नाही. गाडीवाल्यांचा फोन होता म्हणून सांगा."

हिरवी गाडी बघायला ते एकटेच गेले. मालक फाटकापाशी कोणाशी तरी फोनवर बोलत होता. चुंबक सगळीकडे चिकटला. खालचा पत्रा धड, धूर नाही, ब्रेक सरळ. अशी गाडी त्यांनी आजवर पाहिली नव्हती. "हे इथे बघा, सीटचा टाकासुद्धा मूळचाच आहे," ते मोठ्यानं म्हणाले, आणि मालक फोन बाजूला करून विचारू लागला, "काही म्हणालात का?"

"नाही."

हात पुसून, "कळवतो" म्हणून ते बसस्टॉपवर आले. गाडी घेतली नाही. बहिणीनं विचारलं, या वेळी काय खोट निघाली? ते म्हणाले, "काहीच नाही गं. टॉर्च धरायला कोणी नव्हतं."