कंपासपेटीतली चॉकलेटं

दुसरीच्या पोरांना पैसे मोजायला शिकवायचं तर नुसत्या गणितांनी भागत नाही, म्हणून मी एक गोष्ट लिहिली आणि मोठ्या अक्षरांत फळ्याशेजारी लावली. एक मुलगी दुकानात जाते, एवढीच गोष्ट. एकाने मोठ्याने वाचायचं, किंमत आली की थांबायचं, डब्यातल्या कागदी नोटा-नाण्यांतून तेवढे पैसे टेबलावर ठेवायचे, मगच पुढचं वाक्य. पहिल्याच दिवशी एकाने डब्याला हातही न लावता हवेत मोबाइल धरला आणि दुकानातल्या यंत्राच्या आवाजात सांगितलं, दहा रुपये प्राप्त झाले. एवढं खपून नोटा कापल्या होत्या मी. राग आला, आणि हसूही.

आमची शाळा अंबडच्या कारखान्यांजवळची, त्यामुळे बरीच मुलं कामगारांची. त्यांत एक मुलगी होती, पेठ तालुक्यातून कामासाठी आलेल्या घरातली. आई कंपनीत पॅकिंगला जायची. मुलगी सुरेख वाचायची, पण ‘उरलेले पैसे’ हे शब्द आले की गप्प व्हायची. त्याचं कारण मला ठाऊक आहे असं वाटत होतं. तिच्या आईने मला फाटकाशी गाठून सांगितलं होतं की पोरगी दुकानातून सुटे पैसे परत आणत नाही, आणि दुकानदार म्हणतो, पोरगीच त्याऐवजी चॉकलेटं मागते. “चोरी शिकली, बाई,” ती म्हणाली होती. त्यात मुलीच्या बाकाखाली सारख्या मुंग्या लागायच्या. म्हणजे पुरावाच.

मग एके दिवशी वाचायची पाळी तिची असताना गोष्टीत सात रुपयांची पेन्सिल आली. तिने दहाची नोट टेबलावर ठेवली. दुकानदार झालेल्या पोराने डब्यातली नाणी बाजूला सारली, खडूचे तीन तुकडे तिच्या हातावर ठेवले आणि अगदी दुकानदारी थाटात म्हणाला, सुट्टे नाहीत, चॉकलेट घे. अख्खा वर्ग हसला, कारण सगळ्यांना हे रोजचंच होतं.

ती हसली नाही. बाकावर जाऊन कंपासपेटी घेऊन आली आणि टेबलावर उपडी केली. कागदाला चिकटलेली, चपटी झालेली चॉकलेटं. एकही उघडलेलं नाही.

“हे घे,” ती म्हणाली, “आन् माझ्या आईचे पैसे दे.”

मला पुढे वाचून घेता आलं नाही. नंतर जवळ घेऊन विचारलं तेव्हा कळलं, घरी ठेवली तर धाकटा भाऊ खाईल, आणि आईला दाखवली तर मागून आणली असंच ती म्हणेल.

शनिवारी आईला बोलावलं. मी सगळं सांगितलं, चॉकलेटं समोर ठेवली. तिने पदराने डोळे पुसले, एक चॉकलेट नखाने सोलून लेकीच्या ओठांशी नेलं. लेकीने दात घट्ट आवळले.

“हा एक रुपया हे,” ती आवळल्या दातांतूनच म्हणाली.

“माझाच हे ना? मग मी खर्च करते,” आई म्हणाली.

तेव्हा कुठे लेकीने तोंड उघडलं.